प्रकल्प नोंदी: विक्री आणि अंदाज एकाच मॉडेलमध्ये

२ जून २०२५, सोमवार

काम आजपासून हातात. कंपनी मसाले, लोणची, भाजणी-मेतकूट वगैरे बनवते. बिलं टॅलीत होतात, विक्रीचा अंदाज एक्सेलमध्ये येतो आणि दोन्ही एकत्र दाखवणारा पॉवर बीआयचा (रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरचा) रिपोर्ट आधीपासून आहे. त्याच्यावर ना सेल्सचा विश्वास, ना प्लॅनिंगचा. तक्रार अशी: एकेका मालगटाचा अंदाज बरोबर दिसतो, पण तळाची बेरीज काहीतरी भलतीच येते.

फाइल उघडून पाहिली. पॉवर क्वेरीत (पॉवर बीआयमध्ये डेटा आणून साफ करायची जागा) विक्रीच्या टेबलाला अंदाज मर्ज केलाय, म्हणजे ओळीला ओळ जोडलाय. महिना, मालगट आणि विभाग एकमेकांना चिकटवून एक लांबलचक किल्ली बनवली आहे आणि तिच्यावर जोड. विक्रीची एक ओळ म्हणजे बिलातली एक ओळ. अंदाजाची एक ओळ म्हणजे एका विभागात एका गटाचा अख्खा महिना. साहजिकच तो महिन्याचा आकडा प्रत्येक बिलाशेजारी जाऊन बसतो. समजा कांदा-लसूण मसाल्याचा अंदाज १२,००० किलो आणि त्या महिन्यात ४०० बिल-ओळी, तर बेरीज ४८ लाख किलो. हे कुणाच्या तरी लक्षात आलं असणार, कारण मेझरमध्ये (रिपोर्टमधला आकडा काढणाऱ्या सूत्रात) बेरजेऐवजी सरासरी घातली आहे. एका गटापुरती ती चालते. दुसरा गट ३,००० किलोचा, १०० ओळींचा घेतला की दोन्हींची मिळून सरासरी येते १०,२००. खरी बेरीज १५,०००. तक्रारीचं मूळ इथे.

पण याहून वाईट गोष्ट रिपोर्टमध्ये दिसतच नाही. मर्ज विक्रीच्या बाजूने केल्यामुळे ज्या गटाचा अंदाज होता आणि विक्री शून्य झाली, तो गट टेबलात येतच नाही. म्हणजे अंदाज जिथे सपशेल फसला, नेमक्या त्याच ओळी गायब.

४ जून, बुधवार

प्लॅनिंगच्या मॅडम आणि सेल्स हेड यांच्याबरोबर बैठक. एकच प्रश्न घेऊन गेलो होतो: अंदाज नक्की कोणत्या पातळीवर केला जातो?

सेल्स हेड म्हणाले, "सगळ्याच पातळीवर आहे की. पुड्यापर्यंत."

मॅडमनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "सर, तुमची माणसं मला गटाचा आकडा देतात. १०० ग्रॅम किती आणि ५०० ग्रॅम किती, ते मी गेल्या वर्षीच्या टक्केवारीने पाडते. तो तुमचा अंदाज नाही, माझी फोड आहे."

यानंतर वाद राहिला नाही. अंदाज: महिना, मालगट, विभाग. विक्री: दिवस, माल (म्हणजे नेमका पॅक), डिस्ट्रिब्युटर. ज्या पातळीवर दोघं भेटतात त्याच्या खाली रिपोर्टने अंदाजाबद्दल गप्प बसायचं, हे मी तिथेच लिहून घेतलं. सेल्स हेडना ते फारसं आवडलं नाही. "रिकामे रकाने बघून डायरेक्टर विचारतील," म्हणाले. विचारू देत. खोटा आकडा दाखवण्यापेक्षा रिकामा रकाना बरा.

आणखी ठरलेलं: विक्री म्हणजे प्रायमरी, कंपनीकडून डिस्ट्रिब्युटरकडे गेलेला माल. दुकानापर्यंतची सेकंडरी या मॉडेलमध्ये नाही. तुलना किलोत, अंदाज किलोतच येतो, आणि विक्रीचे नग मालाच्या टेबलातल्या निव्वळ वजनाने गुणून किलो करायचे. स्कीममध्ये फुकट गेलेले नग किलोत धरायचे. रुपयांत ते शून्य दिसले तरी कारखान्याला बनवावे लागतातच.

५ जून, गुरुवार

नवा आराखडा. विक्री आणि अंदाज यांची थेट जोडणी कुठेही नाही. दोन्ही टेबलं सामाईक टेबलांना लटकतात.

मालगट हे वेगळं टेबल, प्रत्येक गटाची एकच ओळ. त्याच्यापासून एक रेघ मालाच्या टेबलाकडे आणि मालापासून विक्रीकडे; दुसरी रेघ मालगटापासून थेट अंदाजाकडे. विभागाचं तसंच: विभागापासून डिस्ट्रिब्युटर, तिथून विक्री, आणि विभागापासून थेट अंदाज. कॅलेंडर दोघांनाही. सगळ्या रिलेशनशिप (टेबलांमधल्या जोडण्या) एकास अनेक: एका बाजूला प्रत्येक किल्ली एकदाच, दुसऱ्या बाजूला कितीही वेळा. बाण, म्हणजे एका टेबलातली निवड (फिल्टर) दुसऱ्या टेबलाला गाळते ती दिशा, एकेरी.

मालाच्या टेबलात गटाचा जो कॉलम आहे तो लपवला. कुणी रिपोर्टमध्ये तो ओढला असता तर विक्री गटवार फुटली असती आणि अंदाज प्रत्येक ओळीत अख्खाच्या अख्खा आला असता, कारण मालाकडून अंदाजाकडे जायला वाटच नाही. एकाच नावाचे दोन कॉलम वापरणाऱ्यासमोर ठेवूच नयेत. विक्री आणि अंदाज या दोन टेबलांतलेही सगळे किल्लीचे कॉलम लपवले. दिसतात ती फक्त मेझर.

मालाचा गट-कॉलम आणि अंदाजाचा गट-कॉलम यांच्यात अनेकास अनेक रिलेशनशिप टाकली की मधलं टेबल लागत नाही, हे माहीत आहे. तरी टाळली. तशा रिलेशनशिपमध्ये न जुळलेल्या ओळींसाठी रिकामी ओळ तयार होत नाही. नेहमीच्या एकास अनेक जोडणीत अंदाजातला अनोळखी गट 'रिक्त' नावाखाली का होईना, टेबलात दिसतो आणि डोळ्यांत खुपतो. मला तो खुपायलाच हवा आहे.

९ जून, सोमवार

कॅलेंडर. जुनं टेबल विक्रीच्या पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत बनत होतं, म्हणजे आजपर्यंतच. अंदाज मार्च २०२६ पर्यंतचा आहे. पुढच्या सगळ्या महिन्यांना जुळायला तारीखच नसल्यामुळे तो सगळा अंदाज रिकाम्या ओळीत साठला होता. नवं कॅलेंडर १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२६, मध्ये एकही दिवस न गाळता, आणि तारखांचं टेबल म्हणून त्याच्यावर खूण केली. सेटिंगमधली आपोआप तारीख-टेबलं बनवण्याची सोय बंद. ती चालू असली की प्रत्येक तारीख-कॉलममागे एक लपलेलं टेबल तयार होतं आणि फाइल विनाकारण फुगते.

अंदाजाचा महिना 'जून-२५' असा मजकूर होता. तो १ जून २०२५ अशा खऱ्या तारखेत बदलून कॅलेंडरला जोडला. वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज करणाऱ्या मेझरला वर्षअखेर ३१ मार्च सांगावी लागते, नाहीतर ते जानेवारीपासून मोजतं. जुन्या रिपोर्टमध्ये नेमकं तेच होत होतं.

११ जून, बुधवार

दिवसभर नावं आणि कोड. सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात गरजेचा भाग.

अंदाजाच्या शीटमध्ये 'कांदा लसूण', 'कांदा-लसूण मसाला' आणि 'कां. ल. मसाला' असे तीन गट आहेत. प्रत्येक विभागाचा माणूस आपापल्या पद्धतीने लिहितो. मालाच्या कोडांचं वेगळंच: टॅलीत 'शून्य शून्य ४५', एक्सेलने पुढची शून्यं खाल्ली आणि उरले ४५. कोडचा कॉलम आयात करतानाच मजकूर म्हणून घेतला, आणि गटांसाठी 'आलेलं नाव, खरं नाव' असं दोन रकान्यांचं छोटं टेबल बनवून मॅडमच्या ताब्यात दिलं.

मालगटाच्या टेबलाची रिलेशनशिप लागताना एरर आली: 'एक'च्या बाजूला तोच कोड दोनदा आहे. पॉवर क्वेरीत डुप्लिकेट काढून झाले होते, तरी. कारण असं की पॉवर क्वेरी इंग्रजीतलं लहान-मोठं अक्षर वेगळं मानते, मॉडेलचं इंजिन मानत नाही. शेवटी चिकटलेली स्पेसही इंजिन स्वतःहून छाटतं, पॉवर क्वेरी छाटत नाही. त्यामुळे तिथे वेगळे असलेले दोन कोड मॉडेलमध्ये एकच होतात. आधी ट्रिम, मग सगळं मोठ्या अक्षरांत, मग डुप्लिकेट काढणं. हा क्रम उलटा चालत नाही.

१३ जून, शुक्रवार

आयटीमधल्या मुलाने विचारलं, "सर, बाण दोन्ही बाजूंनी केला तर एवढी टेबलं कशाला? सगळं सगळ्याला फिल्टर करेल."

करेल, तोच तर त्रास आहे. विक्रीपासून मालाकडे, मालापासून गटाकडे आणि गटापासून अंदाजाकडे फिल्टर उलटा वाहू लागला की ज्या मालाची विक्री झाली त्याच गटांचा अंदाज उरतो. शून्य विक्रीचे गट पुन्हा गायब, म्हणजे मर्जचा जुना घोळ नव्या वाटेने परत. शिवाय दोन टेबलांमध्ये दोन वाटा तयार झाल्या तर इंजिन काही जोडण्या लावूच देत नाही. त्याला कॉपी करून खेळायला फाइल दिली. संध्याकाळी बाण पुन्हा एकेरी करून परत आणली.

१८ जून, बुधवार

आज एका मेझरवर पूर्ण दिवस गेला, आणि जायलाच हवा होता.

मॅट्रिक्समध्ये (रिपोर्टमधल्या ओळी-रकान्यांच्या तक्त्यात) ओळींवर मालगट, त्याखाली माल. किलोतली विक्री ठीक. अंदाज टाकला आणि कांदा-लसूण मसाल्याच्या खाली लिंबाचं लोणचं, कैरीचं लोणचं, मेतकूट, सगळं अवतरलं. प्रत्येकासमोर कांदा-लसूणचाच १२,००० चा आकडा. कारण सरळ आहे. गट एका टेबलातला, माल दुसऱ्या टेबलातला. मॅट्रिक्स दोन्हींच्या सगळ्या जोड्या करून पाहतं आणि ज्या जोडीला मेझर काहीतरी उत्तर देतं ती दाखवतं. अंदाजाला मालाचा फिल्टर पोचतच नाही, त्यामुळे तो प्रत्येक जोडीला उत्तर देतो. विक्री चुकीच्या जोडीला रिकामी येते, म्हणून अंदाज टाकेपर्यंत हे दिसलं नव्हतं.

उपाय म्हणून आधी इझइनस्कोप (कॉलम ओळींवर आहे का ते सांगणारं फंक्शन) वापरून पाहिलं: माल ओळींवर असेल तर रिकामं परत कर. मॅट्रिक्स सुधारलं. पण बाजूच्या स्लायसरमधून (निवड करायच्या चौकटीतून) कुणी फक्त '२०० ग्रॅम' निवडलं तर माल ओळींवर नसतो, आणि अंदाज पुन्हा पूर्ण गटाचा येतो. विक्री २०० ग्रॅमची, अंदाज सगळ्या पॅकचा. हा गोंधळ जास्त घातक, कारण बघणाऱ्याला तो दिसत नाही.

शेवटी मोजणी लावली. सध्याच्या फिल्टरमध्ये मालाच्या ओळी किती, आणि मालावरचे फिल्टर काढून गटावरचे ठेवले तर किती. दोन्ही आकडे सारखे असतील तरच अंदाज दाखव, नाहीतर रिकामं.

यात एक खाच आहे. फिल्टर काढताना अख्खं मालाचं टेबल दिलं की गटाचा फिल्टरसुद्धा उडतो, कारण इंजिनच्या दृष्टीने माल या टेबलात त्याला जोडलेलं, 'एक'च्या बाजूचं मालगटाचं टेबलही धरलेलं असतं. मग कुठलाही एक गट निवडला की दोन आकडे कधीच जुळत नाहीत आणि अंदाज सगळीकडे रिकामा. म्हणून कोड, नाव, पॅक असे कॉलम एकेक करून नावानिशी द्यावे लागतात. उद्या मालाच्या टेबलात नवा कॉलम आला तर तो इथेही घालावा लागेल. मेझरच्या वर तशी टीप लिहून ठेवली आहे.

मेतकुटाचा एकच पॅक आहे. त्याच्या ओळीवर अंदाज मालाच्या पातळीवरही दिसतो. मॅडमना ती चूक वाटली. पण गटात एकच पॅक असेल तर गटाचा अंदाज हाच त्या पॅकचा अंदाज, त्यामुळे ते बरोबर आहे. त्यांनी दोनदा तपासलं आणि मग हसल्या.

डिस्ट्रिब्युटर आणि विभागासाठी हेच मेझर पुढे वाढवलं. तारखेसाठीही: पूर्ण महिना निवडलेला नसेल तर अंदाज रिकामा.

२० जून, शुक्रवार

अपेक्षेप्रमाणे सेल्स हेडचा फोन. "आज वीस तारीख. मला आजपर्यंतचं टार्गेट हवं. महिन्याचं दिवसांवर वाटून टाका ना."

वाटणं अवघड नाही. जूनमध्ये पाच रविवार, म्हणजे माल निघण्याचे दिवस २५. पण प्रायमरी विक्री अशी सरळ रेषेत चालत नाही, हे त्यांनाच सगळ्यात जास्त ठाऊक. बिलांच्या तारखा काढून दाखवल्या: पहिला आठवडा सुस्त, शेवटच्या आठवड्यात डिस्ट्रिब्युटरच्या गळ्यात माल मारण्याची धावपळ. सरळ वाटणी केली तर प्रत्येक महिन्याच्या वीस तारखेला सगळे विभाग लाल आणि तीसला सगळे हिरवे. त्या लाल रंगाला आठवड्याभरात कुणी किंमत देणार नाही.

ठरलं ते असं: चालू महिन्यासाठी पूर्ण महिन्याचा अंदाज, आजपर्यंतची विक्री आणि बाकी, एवढे तीनच आकडे. वर्षाच्या एकत्रित तुलनेत फक्त बंद झालेले महिने. नाहीतर अर्ध्या जूनची विक्री अख्ख्या जूनच्या अंदाजासमोर उभी राहते.

२४ जून, मंगळवार

अंदाजाच्या आवृत्त्या. खरं सांगायचं तर सगळ्या प्रकल्पात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे.

आत्तापर्यंत दर महिन्याला सुधारित शीट आली की जुनीवर चढवली जायची. जूनचा अंदाज जूनच्या दहा तारखेलाही सुधारलेला. मग अचूकता ९० टक्क्यांच्या वर दिसली तर नवल काय? उत्तरं फळ्यावर लिहिल्यावर पेपर सोडवल्यासारखं.

मॅडमकडे जुन्या ईमेलमध्ये शीट सापडल्या. सगळ्या एकाखाली एक जोडल्या, प्रत्येक ओळीला 'आवृत्ती' म्हणजे अंदाज कोणत्या महिन्यात केला ती तारीख दिली. आता जूनसाठी मार्च, एप्रिल, मे अशा तीन ओळी आहेत. समजा १०,०००, ११,००० आणि ९,५०० किलो. नुसती बेरीज केली तर ३०,५००, म्हणून बेरीज करणारं मूळ मेझर लपवलं. आवृत्तीचं टेबल फक्त अंदाजाला जोडलेलं, विक्रीला नाही. स्लायसरमध्ये आवृत्ती बदलली तरी विक्री जागची हलत नाही, आणि हलूही नये.

समोर ठेवलेली मेझर दोन. एक, प्रत्येक महिन्यासाठी सगळ्यात ताजी आवृत्ती. दुसरं, त्या महिन्याच्या दोन महिने आधीची. हे दुसरं मॅडमच्या सांगण्यावरून: "पाऊचची फिल्म छापायला टाकली की मला मागे फिरता येत नाही. एप्रिलमध्ये तुम्ही जूनबद्दल काय म्हणालात, माझ्यासाठी तेवढंच खरं." त्यामुळे अचूकता मोजायची ती याच आकड्यावर.

अचूकतेचं सूत्रही बदललं. वरच्या पातळीवर फरक काढला की एका गटातले २,००० जास्त आणि दुसऱ्यातले २,००० कमी एकमेकांना खाऊन टाकतात आणि अंदाज शंभर टक्के बरोबर दिसतो. आता समएक्स (ओळीओळीने हिशेब करून बेरीज करणारं फंक्शन) वापरून गट, विभाग आणि महिना या पातळीवर फरक काढायचा, अधिक-उणेची खूण काढून टाकायची, बेरीज करायची आणि मग एकूण विक्रीने भागायचं. टक्केवाऱ्यांची सरासरी नाही. शून्य विक्रीचा गट तिथे भागाकारात अडकतो. शेजारी खुणेसकट निव्वळ फरकही ठेवला, कारण सतत जास्तच सांगणारा विभाग त्यातच पकडला जातो.

२७ जून, शुक्रवार

बरोबर दोन महिन्यांनी गणपती. प्लॅनिंगची घाई सुरू झाली आहे आणि गेल्या वर्षीशी तुलना करणारं पान मागितलंय.

महिन्याला महिना लावून ती तुलना भाजणीच्या बाबतीत फसवते. लक्ष्मीपूजन २०२३ ला १२ नोव्हेंबरला, २०२४ ला १ नोव्हेंबरला आणि यंदा २१ ऑक्टोबरला. चकलीची भाजणी डिस्ट्रिब्युटरकडे त्याच्या तीन-चार आठवडे आधी जाते. म्हणजे गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेलेला बराच माल यंदा सप्टेंबरमध्ये निघणार. सप्टेंबर पाहून विक्री उसळली म्हणायचं आणि ऑक्टोबर पाहून कोसळली, असं दोन्ही चुकीचं.

कॅलेंडरमध्ये 'दिवाळीला उरलेले आठवडे' असा कॉलम घातला. विक्री त्याने नीट लागते. अंदाज महिन्याचाच असल्याने त्याला हा कॉलम लावता येत नाही. आठवडा ओढला की १८ तारखेच्या मोजणीमुळे अंदाज रिकामा होतो. म्हणून भाजणी आणि दिवाळीच्या इतर गटांसाठी सप्टेंबर आणि ऑक्टोबर मिळून एकच हंगाम धरला.

१ जुलै, मंगळवार

मेळ. अंदाजाची बेरीज शीटशी तंतोतंत. विक्रीची एकूण बेरीज टॅलीशी जुळली, क्रेडिट नोटा वजा धरून. पण विभागवार जुळेना: कोकण-गोवा फार कमी, कोल्हापूरही कमी.

जुन्या फाइलमधून उचललेल्या डिस्ट्रिब्युटरच्या टेबलात विभाग जीएसटी क्रमांकाच्या पहिल्या दोन आकड्यांवरून काढलेला निघाला. २७ म्हणजे महाराष्ट्र, ३० म्हणजे गोवा, २९ म्हणजे कर्नाटक. करासाठी ते बरोबर आहे, सेल्सच्या विभागांशी त्याचा काही संबंध नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्ग २७ मध्येच येतात पण बघतात कोकण-गोव्याची माणसं. बेळगावचा डिस्ट्रिब्युटर २९ चा, तो कोल्हापूर विभागाखाली. सेल्सकडून यादी घेऊन विभाग हाताने भरला. मग सगळं जुळलं.

एक तपासणीचं पान कायमचं ठेवलं: रिकाम्या ओळीत किती किलो विक्री, किती किलो अंदाज. दोन्ही शून्य असतील तरच रिपोर्ट मेल करायचा, असं मॅडम आणि आयटी यांच्यात ठरलं.

४ जुलै, शुक्रवार

शेवटचा गुंता. साताऱ्याचा एक डिस्ट्रिब्युटर १ जूनपासून पुणे विभागातून कोल्हापूरकडे गेला. डिस्ट्रिब्युटरच्या टेबलात विभाग बदलला की त्याची मागची सगळी विक्री कोल्हापूरला जाते, पण एप्रिल-मेचा अंदाज पुण्याच्या नावावर राहतो. पुणे विनाकारण कमी, कोल्हापूर विनाकारण जास्त. पुण्याच्या मॅनेजरनी हे पाच मिनिटांत पकडलं.

डिस्ट्रिब्युटर आणि विभाग यांच्यातली रेघ काढली. डिस्ट्रिब्युटर कधीपासून कधीपर्यंत कुठल्या विभागात, याची यादी वेगळी ठेवली. पॉवर क्वेरीत बिलाच्या तारखेनुसार विभागाचा कोड विक्रीच्या ओळीवरच छापला, आणि विभागाचं टेबल सरळ विक्रीला जोडलं. त्यामुळे डिस्ट्रिब्युटरसाठीची मोजणी आता त्याच्या टेबलावर करता येत नाही. तिथे साधा नियम: डिस्ट्रिब्युटरवर काहीही फिल्टर असलं की अंदाज रिकामा.

प्रत्येक विभागाच्या मॅनेजरला फक्त त्याचाच विभाग दिसेल अशी परवानगी विभागाच्या टेबलावर लावली. विक्री आणि अंदाज दोन्ही तिथून आपोआप गाळले जातात.

बाकी: जुलैची अंदाजाची आवृत्ती ७ तारखेला येणार, ती जोडून पाहायची. अंदाज गटाऐवजी पॅकवर द्यायला मुंबई-ठाणे विभाग तयार आहे म्हणतात. एकट्या मुंबईसाठी पातळी बदलली तर गटाच्या ओळी आणि पॅकच्या ओळी एकाच टेबलात मिसळतील, म्हणून त्यांचा पॅकवार अंदाज सध्या वेगळ्या टेबलात घ्यायचा आणि गटाच्या बेरजेनेच मुख्य टेबलात आणायचा. मॅडमना तसं कळवलं आहे.